घमेल्याएवढं पान

दादानं घमेलं भोपळ्याच्या पानावर उपडं ठेवलं आणि पान दिसेनासं झालं.

आमच्या घरात हे माप आबांनी घालून दिलंय. वेलाला फुलं लागायच्या सुमारास पान घमेल्याच्या चहूबाजूंनी बाहेर आलं पाहिजे. तसं आलं की भोपळा असा धरतो की उचलायला गडी बोलवावे लागतात, आणि वजनाच्या दिवशी बाजाराच्या आवारात लोक काट्याभोवती गर्दी करतात. या वर्षी मात्र एका घमेल्याखाली तीन-चार पानं सहज मावली असती. आणि ती पानं तरी कसली! कडा आत वळलेल्या, शिरा एकमेकींना चिकटून ओढलेल्या. शेंडा तर मुठीसारखा मिटलेला, उघडायचं नाव नाही.

"बघा," दादा म्हणाला. बाजाराला निघालेली चार माणसं बांधावर थांबली होती, त्यांना म्हणाला. वहिनी तिथंच आळ्यात गुडघे टेकून बसली होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मी दादाची धाकटी बहीण. शिवणकाम करते, माहेरीच राहते, आणि तोंडानं फटकळ आहे असं सगळे म्हणतात. नणंदेनं वहिनीची उणीदुणी काढायची असतात हे मला ठाऊक आहे. पण मी वहिनीच्या बाजूनं बोलणार. ज्याला रुचत नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

गेल्या थंडीत आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताला कंप सुटला. पेला धरला तर पाणी छातीवर. तेव्हा त्यांनी भोपळ्याचं रान वहिनीच्या हवाली केलं. दादाच्या नाही. दादा शेजारच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवतो, दिवस उजाडला की तिकडे जातो, त्याला वेलांपाशी बसायला सवड कुठली? आणि लग्न होऊन आल्यापासून आबांच्या मागं पाण्याची नळी धरून फिरली ती वहिनीच. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली आबांनी तिच्या हातात दिली. तिनं ती दोरीत ओवून कमरेला बांधली. दादानं त्या दिवशी जेवताना मीठ मागितलं तेवढंच. पण ती किल्ली त्याला त्या दिवसापासून टोचत होती.

बांधावरच्या माणसांत उपकारीही होता. उपकारी म्हणजे दादाचा मालक, आमच्या रानाला लागून ज्याची मोठी कुरणं आहेत तो मळेवाला. हे नाव मीच ठेवलंय. उपकार करायची एक संधी तो सोडत नाही आणि केलेल्या उपकाराची आठवण करून द्यायची तर मुळीच सोडत नाही. गेल्या साली त्यानं आमच्या गाईंना कुरणातलं वाळलं गवत फुकट दिलं. ट्रॉल्या भरभरून. "न्या हो, आपलीच माणसं," म्हणाला. त्याचे आभार मानून मानून आमच्या माना दुखल्या.

"हात बदलला," उपकारी आता मान हलवत म्हणाला. "वेलाला हात कळतो. आबांचा हात होता तोवर कसं रान होतं."

"वेलाला हात कळत असेल तर तुमचा तेवढा खिशात ठेवा," मी म्हणाले.

"तू गप गं!" दादा माझ्यावर खेकसला. मालकासमोर बहिणीनं तोंड उघडलं म्हणून त्याचे कान लाल झाले होते. बायकोची चारचौघांत शोभा केली म्हणून नव्हे.

आबा रानाच्या कडेला खुर्चीवर बसून होते. थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरलेला. "उपाशी दिसतात," ते म्हणाले. "घास वाढव, सूनबाई. जो रुसलाय त्याला आधी."

ही आबांची जुनी रीत. जो वेल मागं पडेल त्याला पाटीभर खत जास्त. त्याच रीतीनं त्यांनी आयुष्यभर भोपळे काढले, तेव्हा त्यावर कोण काय बोलणार?

वहिनी खताला लागली. गोठ्यामागच्या खड्ड्यातलं गेल्या सालचं शेणखत फावड्यानं ओढायचं, घमेल्यात भरायचं, डोक्यावर घेऊन रानात न्यायचं. ऊन असं की खताची वाफ नाकात जायची. मी शिवणयंत्र बंद करून तिच्या मदतीला जायची, पण माझी कंबर दोन खेपांत बोलायला लागायची. तिची बोलत नव्हती की ती ऐकत नव्हती, कोण जाणे. विहिरीच्या अंगाला एक वेल सगळ्यांत मरतुकडा होता. वहिनी त्याला रुसका म्हणायची. रुसक्याला रोज एक घमेलं जास्त. रुसका रोज आणखी आखडायचा. मग त्याला आणखी एक घमेलं.

दादानं बाजारातून औषधवाल्याची बाटली आणली. औषधवाला म्हणाला, बारीक कोळी असणार, डोळ्याला दिसत नाहीत. वहिनीनं फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि एकेक पान उलटं करून धुतलं. पट्ट्यांनी तिच्या खांद्यांवर वळ उठले. काही फरक पडला नाही. मग औषधवाला म्हणाला, पाणी जास्त होतंय. पाणी तोडलं. पानांच्या कडा करपल्या. मग म्हणाला, पाणी कमी पडतंय. त्याचं सांगणं दर बाजाराला बदलत होतं, एक गोष्ट मात्र कायम होती. चूक वहिनीची.

आणि मग तो किल्लीचा दिवस आला.

विहिरीवर बायका धुणं धूत होत्या. वहिनी मोटार बंद करून खोलीला कुलूप लावत होती, तेवढ्यात दादा आला. बरोबर उपकारी होताच, सावलीसारखा.

"किल्ली दे," दादा म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? महिना संपला की रान नांगरून टाकणार. गवत पेरू. मालक बी देतायत. तू आता रानात पाऊल टाकू नकोस."

धुण्याचे आवाज थांबले. वहिनी कमरेची गाठ सोडायला लागली. घामानं गाठ आवळली होती आणि खत ओढून तिची बोटं सुजली होती, गाठ सुटेना. ती ओढत राहिली. दादानं थोडा वेळ वाट पाहिली, मग खिशातला चाकू काढला आणि दोरी कापली. तिच्या अंगावरची दोरी, चार बायकांसमोर, पोत्याचं तोंड कापावं तशी. किल्ली खाली पडली. ती त्यानं उचलली, पुसली आणि खिशात टाकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आबांनी दिलेली किल्ली आहे ती. आबांना विचारलंस?"

"आबांना काय विचारायचंय? डोळ्यांनी दिसत नाही का?" दादा म्हणाला. उपकारी हळहळल्यासारखं तोंड करून म्हणाला, "असू दे, असू दे. बायामाणसाला सगळंच जमतं असं नाही." एवढं बोलून तो निघाला, जणू तेवढाही एक उपकारच.

वहिनी रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाट तुंबला म्हणून मी मागच्या अंगाला गेले आणि ओरडलेच. पाटाच्या कडेला, विटांच्या ढिगावरून एक भोपळ्याचा वेल चढला होता. कुणी लावलेला नाही. गेल्या साली आबांनी भोपळा फोडून बिया निवडल्या तेव्हा पोचट म्हणून टाकलेल्या एखाद्या बीतून आलेला. आणि पानं! हिरवीगार, हात पसरल्यासारखी सपाट. मी धावत घमेलं आणून एका पानावर ठेवलं. पान चारी बाजूंनी बाहेर आलं.

मला वाटलं, संपलं भांडण. बी तेच, पाणी त्याच विहिरीचं, घर तेच. मी सगळ्यांना ओढत आणलं. आबांनी काठीच्या टोकानं पान वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

दादानंही पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मी म्हणतो तेच. जिथं हिचा हात लागला नाही, तिथं बघा वेल कसा आहे."

पुरावा मीच शोधला, मीच माणसं जमवली, आणि त्यानं तो उचलून तिच्याच डोक्यावर घातला. याला काय म्हणावं? कुणाचं वाईट चिंतायची मला सवय नाही, पण त्या क्षणी दादाच्या ट्रॅक्टरचं चाक निखळावं असं मला मनापासून वाटलं.

सगळ्यांत वाईट ते पुढं झालं. वहिनीलाही ते पटायला लागलं. ती पाटाकडे जायची, वेलापासून लांब उभी राहायची आणि दोन्ही हात पाठीमागं धरायची. मी म्हटलं, "अगं, पान वर कर, खाली किडे आहेत का बघ." ती म्हणाली, "तू कर. मी नको." हात धुवायला बसली की साबण घासत राहायची, नखांच्या कडा सोलवटून निघाल्या. कष्टानं मजबूत झालेले ते हात. स्वतःच्याच हातांना भिणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि देव करो, पुन्हा बघायला न लागो.

त्याच आठवड्यात शेतीखात्याच्या बाई गावात मातीचे नमुने घ्यायला आल्या. मी रस्त्यातच त्यांची गाडी अडवली. बाई रानात आल्या, चपला काढून आळ्यात बसल्या. भिंगातून पानाची खालची बाजू पाहिली, शेंडा हातात घेऊन उलगडायचा प्रयत्न केला. दादा जेवायला घरी आला होता, तोही येऊन उभा राहिला.

"कोळी नाहीत," बाई म्हणाल्या. "रोगाचे पिवळे ठिपकेही नाहीत. सगळ्यांत जास्त आजारी कुठला?"

"हा." वहिनीनं बांधावरूनच रुसक्याकडे बोट दाखवलं. रानात पाऊल टाकायचं नव्हतं ना तिला.

"आणि सगळ्यांत जास्त खत कुणाला घातलंत?"

वहिनीनं रुसक्याकडे पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "यालाच."

"सगळ्यांत बरा कुठला? खत कमी पडलेला?"

"न्हाणीमागचा. त्याला खत नाहीच."

बाई उठल्या. "गाई काय खातात तुमच्या?"

"कुरणातलं गवत," मी म्हणाले. "शेजारचे देतात."

"कुरणावर तणनाशक मारलं होतं?"

आम्ही सगळे दादाकडे वळलो. उपकारीच्या मळ्यावरची फवारणी दुसरं कोण करणार? "मीच मारलं," तो म्हणाला. "पण त्यानं गवताला काही होत नाही. फक्त रुंद पानाचं तण मरतं."

"आणि भोपळ्याचं पान कसं असतं?"

वहिनी म्हणाली, "रुंद."

"गाईंना तर काही झालं नाही," दादा चिडून म्हणाला.

"त्यांना होत नाही. औषध पोटातून तसंच शेणात उतरतं. खत जुनं झालं तरी राहतं." बाईंनी चपला घातल्या. "पण मी नजरेनं सांगतेय, माझी चूकही होऊ शकते. खात्री करा. डब्यांत घेवडा पेरा. काही डब्यांत या खड्ड्यातलं खत घाला, काहींत नुसती माती. घेवड्याला हे औषध लगेच कळतं."

"हिनं पेरलं तर दोन्हीकडे मरेल," दादा पुटपुटला.

मी याचीच वाट पाहत होते. "मग खताचे डबे तू पेर," मी म्हणाले. "तुझ्या हातानं. नुसत्या मातीचे वहिनी पेरेल. बघू दे वेलांना हात कळतो का."

दादा नाही म्हणणार होता. पण आबांनी काठी जमिनीवर आपटली. "पेर," ते म्हणाले. बस, तेवढंच.

तेलाचे रिकामे डबे ओट्यावर मांडले. दादानं आपले डबे भरले, बिया दाबल्या. वहिनीनं आपले भरले. बी टाकताना तिची बोटं इतकी थरथरत होती की आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग तिच्या.

घेवडा उगवायची वाट बघत असताना मी उपकारीच्या घरी शिवलेले पडदे द्यायला गेले. त्याची बायको साधी, भाबडी बाई. मला परसातला भाजीचा वाफा दाखवायला घेऊन गेली. वांगी, टोमॅटो, सगळं लुसलुशीत. बाजूला खताची विकतची पोती रचलेली.

"एवढ्या गाई असून खत विकत?" मी विचारलं.

"अगं, आमच्या खड्ड्यात अजून त्या कुरणातल्या गवताचंच शेण आहे, ते भाजीला चालत नाही," ती म्हणाली. "औषध असतं ना त्यात. म्हणून तर आता आमच्या गाईंना दुसरा चारा आणतात हे, आणि ते गवत वाटून टाकतात. ठेवून करायचं काय?"

मी पडद्यांचे पैसे न घेताच निघाले. पायाखालची वाट दिसत नव्हती, इतकी संतापले होते. त्याला माहीत होतं. गाड्या भरून देताना माहीत होतं, "आपलीच माणसं" म्हणताना माहीत होतं, बांधावर उभा राहून "हात बदलला" म्हणाला तेव्हाही माहीत होतं! नको असलेला कचरा त्यानं आमच्या दारात टाकला आणि वर आमच्याकडून आभार मानून घेतले.

घरी आले तर ओट्यापाशी सगळे जमले होते. घेवडा वर आला होता. वहिनीच्या डब्यांतली पानं उघडून उन्हाकडे वळली होती. दादाच्या डब्यांतली एकूण एक रोपं वाकडी, पानं मुठी आवळल्यासारखी चुरगळलेली. थेट रुसक्याची पोरं शोभावीत अशी.

मी उपकारीच्या घरचं सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. दादाचा चेहरा उतरला, पण तो कुणाकडे न बघता एवढंच म्हणाला, "मालकांच्या ध्यानात राहिलं नसेल." आणि जेवण टाकून कामावर निघून गेला. पुरावा त्याच्याच हातचा, आणि त्यावर तो मूग गिळून बसला! बायकोचं चुकलं म्हणायला चार माणसं लागली होती. चुकलो म्हणायला त्याला घरातला एक कोपरासुद्धा सापडेना.

वहिनी मात्र उठून न्हाणीमागं गेली. मी खिडकीतून पाहिलं. तिनं त्या मोठ्या पानावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवून बसून राहिली.

सकाळी ती फावडं आणि घमेलं घेऊन सरळ रानात शिरली. आळ्यांतलं खत उकरून बाहेर काढायला लागली. मीही गेले. आबा खुर्ची घेऊन आले. या सालचे वेल गेले होते, ते तिला कळत होतं. पण ते खत मातीत मुरलं की पुढचे हंगामही गेले असते. रुसक्याच्या आळ्याशी ती कोपरापर्यंत बरबटली होती तेव्हा बांधावर ट्रॅक्टर आला. मागं नांगर. दादा चालवत होता, शेजारी चाकावरच्या पत्र्यावर उपकारी बसला होता. महिना संपला होता.

"बाई, बाजूला व्हा," उपकारी म्हणाला. "नांगर फिरला की झालं. बी मी आणलंय."

बाजाराची माणसं नेहमीसारखी थांबली. वहिनी उभी राहिली. कधी आवाज न चढवलेली बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज विहिरीपर्यंत गेला.

"तुमच्या वांग्यांना हे शेण का घालत नाही तुम्ही?"

उपकारी हसला. "अहो, फुकट दिलं तर हे बोलणं ऐकून घ्यायचं?"

"तुम्हाला माहीत होतं की नाही?"

"मग? तुम्ही कुठं विचारलं?"

विचारलं नाही! ज्याला माहीत आहे त्यानं सांगायचं नाही आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी विचारायचं. मी ढेकूळ उचललं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते फेकायची वेळ आली नाही. ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं.

दादा खाली उतरला.

"अरे, कुठं चाललास? नांगर सोड," उपकारी म्हणाला.

दादा आळी ओलांडत वहिनीसमोर येऊन उभा राहिला. खिशातून किल्ली काढली आणि पुढं केली.

वहिनीनं दोन्ही हात वर करून दाखवले. खतानं माखलेले, कोपरापासून चिखल गळणारे. "माझे हात भरलेत," ती म्हणाली. "कमरेला बांधा. होती तिथं."

दादानं बांधावरच्या माणसांकडे पाहिलं. मग बांधावर पडलेल्या फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याची दोरी सोडली, किल्ली तिच्यात ओवली आणि गुडघ्यावर बसला. गाठ मारताना त्याची बोटं चुकली. दोरी निसटली. तो पुन्हा बांधायला लागला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. खाली बघून, पुटपुटत.

"मोठ्यानं," आबा खुर्चीवरून म्हणाले.

"माझं चुकलं!" या वेळी बांधावर सगळ्यांना ऐकू गेलं.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," उपकारी ओरडला. दादानं मान वर केली नाही, तो गाठीवरच होता.

"घट्ट मारा," वहिनी म्हणाली. "आणि आता ही सोडायची झाली तर मी सोडीन."

मग ती खाली वाकली, घमेलं भरलं आणि उचलून दादाच्या डोक्यावर दिलं. "हे आपल्या उकिरड्यावर नको," ती म्हणाली. "ज्यांचं आहे त्यांच्या दारात टाका."